मधल्या खोलीचं दार

मधल्या खोलीचं दार दिवाळीपासून जमिनीला टेकलं होतं. उघडायचं तर एका हातानं मूठ धरून वर उचलायचं, दुसऱ्या हातानं ढकलायचं, आणि तरी ते अर्ध्या वाटेवर असं खरवडायचं की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या त्रिशलाच्या दातांतून कळ जायची. फरशीवर पाव वर्तुळाचा पांढरट ओरखडा उमटला होता. बयाबाई फरशी पुसायला आली की रोज त्यावर फडकं घासायची आणि रोज म्हणायची, "वैनी, ह्यो डाग काय निघंना बघा." तो डाग नाही, फरशीच झिजली आहे, हे त्रिशलानं तिला दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

असं दार घरात चार महिने ठेवून घेणारा माणूस तात्यासाहेब मगदूम नव्हते. राजारामपुरीतलं हे घर बांधलं तेव्हा घरातली सगळी दारं त्यांनी स्वतः केली होती, सुट्टीच्या दिवशी, एकेक करून. बाविसाव्या वर्षापासून अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांचं आयुष्य लाकडात गेलं होतं. पण सुतार म्हटलेलं त्यांना चालत नसे. ते पॅटर्नमेकर होते. शिरोली एमआयडीसीत लोखंडाचा रस ओतायच्या आधी वाळूत साचा उठवतात, त्यासाठी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, ती करायचं काम त्यांचं. प्रतिकृती हुबेहूब असून चालत नाही. लोखंड निवताना आटतं, शंभराला एक या हिशेबानं, म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला गुणाकार कोण करत बसणार? त्यासाठी एक वेगळी पोलादी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा केसभर मोठा. डोळ्याला कळत नाही. साध्या पट्टीशेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी वाटतात. फरक फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोरलेला. तात्या तिला वाढीव पट्टी म्हणत आणि ती हत्यारांच्या पेटीत निळ्या कापडी पिशवीत, एकटी ठेवत.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्रिशलानं त्या पट्टीनं खिडकी मोजून पडद्याचं कापड आणलं होतं. पडदा आखूड झाला. तेव्हा तात्या पोट धरधरून हसले आणि मग तिला जवळ बसवून लोखंडाच्या आटण्याची सगळी गोष्ट सांगितली. बी.ए. झालेल्या बायकोला आपण काहीतरी शिकवतोय याचं त्यांना फार अप्रूप वाटलं असावं. त्यानंतर तिनं त्या पेटीला कधी हात लावला नाही.

गेल्या श्रावणात तात्यांना घरी बसवलं गेलं. बसवणारा परका नव्हता. जिनेंद्र, त्रिशलाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. दहावीनंतर तात्यांच्या हाताखाली आला, त्यांनी त्याला रंधा धरायला शिकवला, आणि पुढं त्यानं स्वतःचं पॅटर्न शॉप काढलं तेव्हा तात्या त्याच्याकडे कामाला गेले. भाच्याच्या हाताखाली काम करायला त्यांना कमीपणा वाटला नाही. "माझाच हात हाय त्यो," असं ते म्हणायचे.

आणि श्रावणात एका पंपाच्या झाकणाचा पॅटर्न चुकला. झाकणं ओतली गेली ती सगळी मापाला लहान आली, भंगारात गेली. दोन दिवसांनी जिनेंद्र घरी आला, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, आता जरा विश्रांती घ्या की." तात्यांनी ठाम सांगितलं, चूक ड्रॉइंगमध्ये होती. ड्रॉइंग काढणारी ऐश्वर्या नवीन पोर, तिनं माप बदललं आणि कुणाला सांगितलं नाही. जिनेंद्र गप्प बसला याचाच त्रिशलाला संताप आला.

"ज्यानं हाताला धरून शिकवलं त्यालाच चुकीचा ठरवतोस व्हय रे?" ती त्याला दारापर्यंत पोचवायला गेली आणि तिथं बोलली. "त्यांचं माप चुकलेलं तू कधी बघितलंस?"

"न्हाय मावशी. कधीच न्हाय," जिनेंद्र म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

तेव्हापासून ती बहिणीकडे गेली नव्हती. पर्युषण संपल्यावर लहानथोर सगळ्यांना हात जोडून क्षमा मागायची असते, त्या दिवशीही ती जैन देवळात, बस्तीत, देवदर्शन करून मागच्या दारानं परतली, कारण पुढच्या दारात बहीण उभी होती.

तात्या घरी बसले. पहिला महिना वर्तमानपत्र वाचलं. मग तेही सुटलं. दार घासायला लागलं तेव्हा, "बघू या की निवांत," म्हणाले. असं ते कधी म्हणत नसत.

माघात पुण्याहून लेकीचा, आदितीचा फोन आला की बाळंतपणाला ती पुढच्या आठवड्यातच येते. मधली खोली तिची. बाळंतिणीच्या खोलीचं दार लागायला नको? त्रिशला म्हणाली, "पिराजी सुताराला बोलवू का? कोपऱ्यावरच राहतोय, तासाभरात करून देईल."

तात्यांनी मान वर केली. "माझं दार पिराजी करणार?"

"तुम्ही करत न्हाय म्हणून म्हटलं."

"त्यो बिजागरीखाली पुठ्ठा घालून जाईल. संडासाचं दार न्हवं ते."

"मग करा की तुम्ही."

"करतोच." ते उठले. पण पेटीकडं जायच्या आधी त्यांनी फोन घेतला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा जिनेंद्रला लावला. "जिनू, रविवारी घरी ये. एक दार करालोय. ते बघ, आणि मग सांग मला, तात्याची मापं चुकत्यात का. बरोबर असलं तर सोमवारपासनं मी शॉपला. चुकलं तर परत नाव काढणार न्हाय."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्रिशलाला मात्र ही पैज आवडली नाही. का ते तिचं तिलाच कळेना. तिचा विश्वास होता त्यांच्यावर. गेल्या काही महिन्यांत ते आदितीला कितवा महिना आहे हे दिवसातून तीनदा विचारत होते, मीठ आणायला जाऊन कोथिंबीर घेऊन येत होते. पण बापमाणसाला महिने कुठं मोजता येतात, आणि बाजारात गेल्यावर कोण चुकत नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

बुधवारी सकाळी दार उतरवलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू नुसत्या बोटानं फिरत होते. दार दोन्ही हातांनी घट्ट धरून त्रिशला उभी राहिली आणि तात्यांनी स्क्रू काढले. दार आडवं करून त्यांनी पटाशीचं टोक बिजागरीच्या बाजूच्या उभ्या पट्टीत खुपसलं. भाकरीत जावं तसं ते आत गेलं.

"मुरलंय," ते म्हणाले. "मागं न्हाणीची भिंत हाय न्हवं. ओल ओढली. नुसती भोकं बुजवून उपयोग न्हाय. ही उभी पट्टीच नवी घालायला पायजे."

"लाकूड?"

"हाय की."

माळ्यावर सागाची एक फळी होती, वीस वर्षं जुनी, जपून ठेवलेली. ती त्यांनी खाली घेतली, पुसली आणि वासही घेतला. मग पेटीतली पोलादी पट्टी काढून दाराची जुनी बाजू मोजली, खाचांच्या जागा मोजल्या, आकडे पेन्सिलीनं फळीच्या पाठीवर लिहिले. त्रिशला दाराचं टोक धरून उभी होती. कितीतरी महिन्यांनी ते तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते.

पुढचे तीन दिवस घर लाकडाच्या भुश्शानं भरलं. टेप लावून फळीवर खुणा केल्या, करवत चालली, रंध्याखालून सालपटं निघाली, इतकी पातळ की बयाबाई एक उचलून उजेडात धरून म्हणाली, "तात्या, ह्यातनं पलीकडचं दिसतंय की वो."

"दिसणारच. रंधा हाय, इळा न्हाय त्यो."

"माझ्या सुनंला दोन दिस ठिवा तुमच्याकडं. चपाती आसली पातळ करंल तरी."

तात्या हसले. त्रिशला आत कणीक मळत होती, तिनं ते हसणं ऐकलं आणि तिला वाटलं, ही श्रावणातली गोष्ट आता मिटली. आडव्या पट्ट्यांची टोकं जिथं उभ्या पट्टीत जायची, त्या खाचा त्यांनी पटाशीनं अशा कोरल्या होत्या की आत बोट फिरवलं तर काचेसारखं लागावं. हा हात चुकणारा नव्हे. ती मनातल्या मनात बहिणीशी बोलूही लागली, की ये आता, बघ.

शनिवारी सकाळी नवी पट्टी दाराला लावायची होती. वरची आडवी पट्टी खाचेत गेली, खटकन, जणू तिथंच उगवली होती. मधली गेली नाही. खाच एक बोटभर वर होती. खालची तर खाचेच्या आसपासही नव्हती. आणि नवी उभी पट्टी दाराच्या तळापर्यंत पोचतच नव्हती. दोन सेंटीमीटर आखूड.

तात्यांनी ती काढली, उलटी करून पाहिली, परत सुलटी केली. टेपनं मोजली. फळीच्या पाठीवर लिहिलेला आकडा वाचला. दोन्ही तंतोतंत जुळत होते. त्यांनी परत मोजली. परत आकडा वाचला.

"आटलं," ते म्हणाले.

त्रिशलानं वाकून तो आकडा बघितला.

"लाकूड आटलंय. ऊन लागलं असंल."

वीस वर्षं वाळलेला साग तीन दिवसांत आटत नाही, आणि लांबीत तर लाकूड आटतच नाही, हे त्यांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तात्या आंघोळीला गेले. आंघोळ त्यांची सकाळीच झाली होती.

ती खाली बसली. पेटी उघडी होती. भुश्शात पोलादी पट्टी पडली होती आणि तिच्याशेजारी निळी पिशवी, रिकामी. तिनं पट्टी उचलली, कोपरा डोळ्यांजवळ नेला, मग टेप ओढून तिच्या कडेला लावला. पट्टीवर साठ संपले तिथं टेपवर साठ आणि वर सहा मिलिमीटर होते.

त्यांनी दार वाढीव पट्टीनं मोजलं होतं आणि लाकूड टेपनं कापलं होतं. तिच्या पडद्यासारखंच. शेहेचाळीस वर्षं या एका गोष्टीवर ज्यांचं पोट चाललं, त्यांनी.

आणि मग दुसरं कळायला तिला वेळ लागला नाही. शिरोलीत उलटं झालं असणार. तिथं वाढीव पट्टी घ्यायची ती साधी घेतली, म्हणून पॅटर्न लहान झाला, म्हणून झाकणं लहान आली. जिनेंद्र गप्प बसला होता तो म्हणून. न्हाणीघरात पाणी पडत होतं. बुधवारी ती स्वतः इथं दाराचं टोक धरून उभी होती. निळ्या पिशवीतून पट्टी निघताना तिनं पाहिलं होतं. पाहिलं, आणि वाटलं, त्यांना माहीत असेल.

दुपारभर तात्या त्या आखूड उभ्या पट्टीसमोर बसून होते. जेवले नाहीत. मध्येच आत येऊन विचारलं, "उद्या रविवार न्हवं?" चार वाजता परत तेच. पाच वाजता मात्र ते मोजत नव्हते, नुसते आपल्या हातांकडे बघत होते, आणि ते त्रिशलाला बघवलं नाही.

"अहो, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "मंगळवारी झाडताना तुमची पेटी माझ्याकडनं उलटली. पट्ट्या मीच परत भरल्या. त्या पिशवीत कुठली गेली कुणास ठाऊक."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, पोलादी पट्टी घेतली, कोपरा वाचला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"अगं, तुला किती वेळा सांगितलंय," त्यांनी सुरुवात केली आणि अर्धा तास ते बोलत होते. पडद्याचं निघालं, तिच्या माहेरच्या धांदरटपणाचं निघालं, सागाच्या फळीचं निघालं. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत ते पोटभर जेवले, वर ताक मागून घेतलं.

रविवारी दहाला जिनेंद्र आला. द्राक्षांची पिशवी टेबलावर ठेवली, मावशीकडे न बघता काकांच्या पाया पडला.

"बघ, तुझ्या मावशीनं घात केला," तात्यांनी त्याला हाताला धरूनच आत नेलं. "पट्ट्यांची अदलाबदल. दार आखूड झालं. पण ही खाच बघ. ह्यात बोट घाल. घाल की. पोरं करत्यात का आसली, तुझ्या शॉपात?"

जिनेंद्र उकिडवा बसला, खाचेत बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिला. "न्हाय काका. आसा हात माझ्याकडं कुणाचाच न्हाय." मग मान वर करून त्यानं त्रिशलाकडे पाहिलं. ती तोंड फिरवून द्राक्षं धुवायला गेली.

आतून तिला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. जिनेंद्र म्हणत होता की एक मोठं काम आलंय, मोटरच्या बॉडीचं, आणि माणूस मिळत नाही. "अर्धा दिवस या. झेपंल तेवढंच. मला पण काका, चैन न्हाय बघा सहा महिनं."

"अर्धा का? आख्खा येतो. साडेआठला गाडी धाड." तात्यांचा आवाज पार बदलला होता. "आणि त्या ऐश्वर्याला तेवढं बजावून ठेव. ड्रॉइंग डोळं उघडं ठेवून काढत जा म्हणावं. तिच्यापायी माझं सहा महिनं गेलं. बाईमाणूस म्हणून नुसतं बोलून सोडली, न्हायतर तिथंच कामावरनं घालवली असती."

नळ तसाच वाहत होता. त्रिशलानं तो बंद केला, हात पुसले, बाहेर आली.

"जिनू, उद्या त्यांना नेऊ नको."

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"पेटी उलटली न्हवती. मी हातच लावला न्हाय तिला."

"काय बोलालीस?" तात्या म्हणाले.

"पट्टी तुम्हीच घेतलीत. बुधवारी. पिशवीतनं काढून. मी दार धरून उभी होते, माझ्यासमोर." तिनं कोरडे हात परत पदराला पुसले. "काल तुम्ही जेवत न्हवता म्हणून मी खोटं सांगितलं."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तात्यांनी आधी बायकोकडे, मग भाच्याकडे पाहिलं, कोण कुणाच्या बाजूनं आहे याचा अंदाज घ्यावा तसं. जिनेंद्रनं मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेनंच त्यांना काय ते कळलं असावं.

"शिरोलीत पण असंच झालतं?"

"व्हय काका. उलटं. साधी पट्टी घेतलेली तुम्ही."

"तुला कवा कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. पॅटर्न मोजल्यावर."

"आणि ड्रॉइंग?"

"बरोबर हुतं."

तात्या खुर्चीवर बसले. खुर्चीवर भुस्सा होता, तो झटकला नाही. "मग तवाच तोंडावर का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला? कसं सांगू काका."

"मी त्या पोरीला सगळ्या शॉपसमोर बोललो."

"तिनं मनावर घेतलं न्हाय."

"घेतलं असणार," तात्या म्हणाले. "आम्ही न्हाय घेतलं?"

जिनेंद्रनं हळूच एका डॉक्टरांचं नाव काढलं, मेंदूचे, त्याच्या ओळखीचे. तात्या "बघू" म्हणाले. दार बघायला बोलावलेल्या माणसाला त्यांनी फाटकापर्यंत पोचवलं नाही, पोचवायला त्रिशला गेली. जिनेंद्र गाडीत बसला आणि त्यानं काच खाली केली. तिनं हात जोडले. "मी तुला नको नको ते बोललेय," ती म्हणाली. तो "मावशी, ऱ्हाऊ दे की," एवढंच म्हणाला.

ती परत आली तेव्हा तात्यांनी हत्यारं पेटीत भरली होती. एकेक पुसून, नेहमीच्या जागी. दोन्ही पट्ट्या मात्र बाहेर टेबलावर ठेवलेल्या होत्या.

"ह्या जिनूला देऊन टाक," ते म्हणाले. "आणि पिराजीला फोन लाव."

पिराजी सोमवारी आला. त्यानं साधं लाकूड आणलं होतं, सागाच्या मानानं हलकं, पण वाळलेलं. आत येताच त्याची नजर त्या आखूड पट्टीवर गेली. त्यानं खाचा बघितल्या आणि ती अलगद उचलून भिंतीला टेकवली. टेप काढून दार मोजलं, आणि तात्या व्हरांड्यात बसले होते तिकडं बघून म्हणाला, "तात्या, एकडाव माप तुम्ही बघून घ्या की. तुमच्यासमोर आमी काय."

"तू घेतलंस न्हवं? मग झालं."

"आवो पण..."

"काप तू."

त्रिशलानं सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली होती, गुरुवारची. तारीख, वेळ आणि पत्ता तिनं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावला. तात्यांनी तो उभं राहून वाचला होता. गुरुवारी कुठं जायचंय हे त्यानंतर त्यांनी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना स्वतःच अडखळून थांबले.

चार वाजेपर्यंत पिराजीचं काम झालं. दार उभं केलं, त्रिशलानं ते पायानं आणि खांद्यानं तोललं, आणि त्यानं स्क्रू आवळले. "सोडा वैनी," तो म्हणाला. तिनं सोडलं. त्यानं दार उघडलं, लावलं, परत उघडलं, परत लावलं. खाली बोटाएवढी फट राहिली होती आणि दार अजिबात वाजत नव्हतं. त्यामुळं बाहेर बसलेल्या तात्यांना काही कळायला मार्ग नव्हता.

"लागलं का दार?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"लागलं," त्रिशला म्हणाली.

ते बघायला आत आले नाहीत.